मुलाचे वृषण खाली उतरले नसेल तर...

बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या आजीला किंवा बाळंतिणीकडे येणाऱ्या बाईला जे कळते, ते कित्येकदा डॉक्टरांच्याही नजरेतून सुटलेले असते. तेल लावताना तिच्या लक्षात येते, की पिशवीत एका बाजूला गोळी लागते, दुसऱ्या बाजूला काहीच लागत नाही. ती सुनेला हळूच सांगते. सून नवऱ्याच्या कानावर घालते. "पुढच्या वेळी विचारू डॉक्टरांना," असे ठरते. पुढच्या वेळी डोस द्यायला गेल्यावर बाळ रडते, बाहेर गर्दी असते, आणि विषय राहून जातो. मग घरातले कोणी वडीलधारे निर्वाळा देतात, "अगं, याच्या काकाचीही उशिराच उतरली होती. मोठा झाला की येईल आपोआप."

हे म्हणणे पूर्ण खोटे नाही, म्हणूनच त्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसतो. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत वाट पाहणे अगदी योग्य आहे. त्यानंतर मात्र वृषण आपोआप खाली येण्याची आशा फारच थोडी उरते आणि आतल्या आत त्याचे नुकसान सुरू झालेले असते. आपल्याकडे बालशल्यचिकित्सकांकडे या तक्रारीसाठी येणारी कितीतरी मुले शाळेत जाऊ लागलेली असतात. काहींना तर सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत प्रथमच कळते, आणि काहींना लग्नानंतर मूल का होत नाही याच्या तपासण्या चालू असताना. तेव्हा डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे थोडेच राहिलेले असते.

पोटातून पिशवीपर्यंत

वृषण मुळात पिशवीत तयार होत नाही. गर्भात ते पोटाच्या आत, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होते आणि तेथून खाली प्रवास करते. हा प्रवास दोन टप्प्यांत होतो. साधारण पंधराव्या आठवड्यापर्यंत ते ओटीपोटात, जांघेच्या तोंडाशी येऊन थांबते. मग मोठा मुक्काम होतो. पंचविसाव्या आठवड्यानंतर ते जांघेतील बोगद्यासारख्या वाटेने पुढे सरकते आणि पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पिशवीत येऊन बसते. त्याला वाट दाखवणारा एक दोरीसारखा पट्टा असतो. इंग्लंडमधील प्रसिद्ध शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच त्याचे वर्णन करून ठेवले होते.

हा हिशेब पाहिला की एक गोष्ट लगेच उमगते. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा हा प्रवासच अर्धवट असतो. म्हणून पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांमध्ये दोन ते चार मुलांत हा दोष आढळतो, तर अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण तीसच्या आसपास जाते. त्यांतील बहुतेकांची वृषणे पुढच्या काही महिन्यांत खाली येतात. एक वर्षाच्या वयाला शंभरात साधारण एकच मुलगा असा उरतो. काकांचे उशिरा उतरले असेल तर ते बहुधा याच काळात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सहा महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असतात. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळासाठी आठ महिन्यांपर्यंत थांबता येते.

पण एका बाबतीत एक दिवसही थांबायचे नसते. नवजात मुलाची दोन्ही वृषणे कुठेच हाताला लागत नसतील, किंवा एक लागत नसून लघवीचे छिद्रही शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना दाखवले पाहिजे. ॲड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात वरून मुलगा वाटणारे बाळ प्रत्यक्षात मुलगी असू शकते. अशा बाळाच्या शरीरातील क्षारांचा तोल पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बिघडतो. उलट्या होतात, बाळ सुकत जाते, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर प्राणावर बेतते. रक्ताच्या तपासणीने हे ओळखता येते आणि औषधाने बाळ वाचते. त्यामुळे "मुलगा झाला" या आनंदात पेढे वाटण्याआधी कोणीतरी ही एवढी तपासणी केली आहे ना, हे विचारण्यात संकोच मानू नये.

पिशवीतच का हवे?

शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सियस असते. पिशवीत ते दोन ते चार अंशांनी कमी असते, आणि शुक्रजंतू तयार होण्यासाठी हा थंडावा लागतो. थंडीत पिशवी आक्रसते व उन्हाळ्यात सैल पडते, ती हा थंडावा सांभाळण्यासाठीच. पोटात किंवा जांघेत अडकलेले वृषण कायम उबेत राहते. बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना वृषणातील मूळ पेशींचे रूपांतर अशा पेशींत होत असते, ज्यांच्यापासून वयात आल्यावर शुक्रजंतू निर्माण व्हायचे असतात. वर अडकलेल्या वृषणात हे रूपांतर नीट होत नाही. पुढे जसजसे महिने जातात, तसतशी या पेशींची संख्या घटत जाते.

म्हणूनच शस्त्रक्रियेचे वय गेल्या काही दशकांत सारखे खाली येत गेले आहे. एके काळी मुलगा वयात येईपर्यंत थांबत, नंतर पाच-सहा वर्षे योग्य मानली जाऊ लागली. १९९६ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सहा ते बारा महिन्यांचा काळ सुचवला. पुढे स्टॉकहोममधील डॉक्टरांनी एका बाजूचे वृषण न उतरलेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटावर नवव्या महिन्यात शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यावर तिसऱ्या वर्षी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसले, की लवकर खाली आणलेले वृषण चांगले वाढू लागले. तीन वर्षांपर्यंत वर राहिलेल्याला ती वाढ साधली नाही. आज बहुतेक देशांतील तज्ज्ञांचा कल सारखाच आहे. सहा महिन्यांनंतर शल्यचिकित्सकांना दाखवावे, शक्यतो वर्षाच्या आत आणि फार तर दीड वर्षापर्यंत शस्त्रक्रिया व्हावी. ज्यांच्या माहितीत एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया पूर्वी पाचव्या वर्षी झाली असेल, त्यांचा सल्ला त्या काळापुरता बरोबर होता.

मूल होण्याच्या चिंतेचे उत्तर बरेच दिलासा देणारे आहे. एकाच बाजूचे वृषण अडकले होते आणि शस्त्रक्रिया झाली, अशा पुरुषांपैकी सुमारे ९० टक्के बाप होतात, म्हणजे इतरांएवढेच. दोन्ही बाजूंचा दोष असेल तर मात्र हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास येते. दाढी-मिशा, आवाज, पुरुषी बांधा यांसाठी लागणारे हार्मोन वर अडकलेले वृषणही बहुधा पुरेसे तयार करते. त्यामुळे मुलगा बाहेरून अगदी व्यवस्थित वाढतो आणि आईवडिलांना वाटते, सगळे ठीक आहे.

दुसरी भीती कर्करोगाची. हा शब्द ऐकताच घरातले घाबरून जातात, म्हणून आकडे नीट पाहिलेले बरे. स्वीडनमध्ये या दोषासाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७ हजार पुरुषांची पुढे वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी ५६ जणांना वृषणाचा कर्करोग झाल्याचे आढळले. म्हणजे धोका आहे, पण थोडा. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत तो सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट होता, आणि तेरा वर्षांनंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक. खाली असलेल्या वृषणात गाठ झाली तर ती हाताला लवकर लागते, हाही एक फायदा आहे. पोटातली गाठ कोणाला कळणार?

याशिवाय, अडकलेल्या वृषणासोबत बहुतेक वेळा हर्नियाची पिशवी उघडी असते. तिच्यात आतडे अडकले तर रात्री-बेरात्री धावपळ करावी लागते. अडकलेल्या वृषणाला पीळही पडू शकतो. पोटदुखीने कळवळणाऱ्या मुलाची पिशवी एका बाजूला रिकामी असेल, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

लपंडाव खेळणारे वृषण

आईवडिलांचा सर्वात जास्त गोंधळ येथे होतो. काही मुलांचे वृषण सकाळी दिसते, दुपारी दिसत नाही. गार हात लागला, मूल घाबरले किंवा रडले, की एक छोटा स्नायू वृषणाला वर खेचून घेतो. हा स्नायू अगदी तान्ह्या बाळात सुस्त असतो आणि दोन वर्षांनंतर चांगलाच चपळ होतो. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत "दोन्ही वृषणे जागेवर" अशी नोंद कार्डावर करून घेतलेली असली, तर ती पुढे फार उपयोगी पडते.

घरी पाहायचे तर बाळ कोमट पाण्याच्या टबात असताना किंवा गाढ झोपेत असताना पाहावे. मोठ्या मुलाला मांडी घालून किंवा उकिडवे बसवले, की असे लपणारे वृषण खाली येते. डॉक्टरही हात गरम करून, मुलाला असेच बसवून तपासतात. हलक्या हाताने खाली आणल्यावर वृषण काही क्षण पिशवीत टिकून राहिले, तर शस्त्रक्रियेची गरज नसते. हात सोडताच ते रबरासारखे वर पळाले, तर ते न उतरलेलेच समजतात. अर्थात, लपंडाव खेळणाऱ्या वृषणाकडे अगदीच दुर्लक्ष करूनही चालत नाही. मुलाची उंची वाढते, पण वृषणाची दोरी त्या प्रमाणात वाढत नाही, आणि पाच-दहा वर्षांच्या वयात त्यांपैकी काही वर जाऊन तेथेच राहतात. म्हणून वयात येईपर्यंत वर्षातून एकदा तपासणी हवी. वाढदिवसाच्या महिन्यात ती केली तर विसरायला होत नाही.

जांघेत तेल चोळून किंवा ओढून वृषण खाली येत नाही, उलट इजा होऊ शकते. हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्सही आपल्याकडे पुष्कळ दिला जात असे, अजून काही ठिकाणी दिला जातो. त्याने पाचातल्या एखाद्याच मुलाचे वृषण खाली येते, त्यातलेही काही पुन्हा वर जाते. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये अशी इंजेक्शने देऊ नयेत असे स्पष्टच सांगितले. शिवाय कोर्स पुरा होईपर्यंत मुलाचे मोलाचे महिने निघून जातात, हा तोटा वेगळाच.

सोनोग्राफीबद्दलही थोडे. "आधी सोनोग्राफी करून आणा" असे सांगितले, की पालकांना बरे वाटते, काहीतरी ठोस कळेल असे वाटते. जे वृषण हाताला लागते त्यासाठी सोनोग्राफीची गरज नसते. जे लागत नाही, ते सोनोग्राफीत निम्म्याहून अधिक वेळा दिसतच नाही. "वृषण आढळले नाही" असा अहवाल हातात पडला, की घरात रडारड होते, आणि पुढे ते पोटात व्यवस्थित सापडते. अनुभवी शल्यचिकित्सकाचा हात या यंत्राहून अधिक भरवशाचा.

शस्त्रक्रिया कशी करतात?

वृषण खाली आणून बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडिनबरोचे थॉमस अनन्डेल यांनी १८७७ मध्ये केली, असे मानले जाते. वीस-बावीस वर्षांनी शिकागोचे आर्थर बेव्हन यांनी तिची जी तत्त्वे मांडली, ती आजही पायाभूत आहेत. मधल्या काळात वृषण पुन्हा वर जाऊ नये म्हणून ते काही महिने मांडीच्या कातडीला शिवून ठेवण्याचीही एक पद्धत होती! मुलाने चालायचे कसे, हा प्रश्न त्या मुलालाच ठाऊक. सुदैवाने ती मागे पडली.

आता जांघेच्या घडीत दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेतात. वृषण शोधून आजूबाजूच्या पडद्यांपासून मोकळे करतात. हर्नियाची पिशवी असेल तर ती वेगळी करून तिचे तोंड बांधून टाकतात. खरे कसब याच ठिकाणी लागते, कारण रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी त्या पातळ पडद्याला चिकटलेल्या असतात आणि वर्षाच्या बाळात त्या अगदी नाजूक असतात. पडदे सुटले की दोरीला लांबी मिळते. मग पिशवीच्या कातडीखाली एक छोटासा खिसा करून वृषण त्यात बसवतात. वृषण बरेच खाली असेल तर पिशवीवरच्या एकाच छेदातूनही हे काम होते. सगळे मिळून पाऊण ते एक तास लागतो आणि बहुतेक मुले त्याच संध्याकाळी घरी जातात.

वृषण हाताला लागतच नसेल, तर बेंबीतून दुर्बीण घालून पोटात पाहतात. कधी ते आतल्या वाटेच्या तोंडाशी असते, तेव्हा दुर्बिणीतूनच मोकळे करून खाली आणता येते. कधी फार वर असते आणि त्याच्या रक्तवाहिन्या आखूड पडतात. मेलबर्नचे रॉबर्ट फाउलर आणि डग्लस स्टीफन्स यांनी १९५९ मध्ये यावर उपाय सांगितला. मुख्य रक्तवाहिनी बांधून टाकायची. शुक्रवाहिनीसोबतची बारीक रक्तवाहिनी वृषणाला जगवते. आता हे दोन टप्प्यांत करतात. आधी वाहिनी बांधून ठेवतात आणि सुमारे सहा महिन्यांनी, बारीक वाहिनीने जोर धरल्यावर, वृषण खाली आणतात. शंभरात ८० ते ८५ वेळा ते यशस्वी होते. पालकांना दोनदा भूल, दोनदा खर्च हे जड वाटते, आणि पहिल्या टप्प्यानंतर काहीजण परततच नाहीत. तसे करणे म्हणजे अर्धी शस्त्रक्रिया फुकट घालवणे.

कधी दुर्बिणीतून दिसते, की वृषण नाहीच. गर्भात असतानाच पीळ पडून ते सुकून गेलेले असते. दुसरे वृषण चांगले असेल तर मुलाच्या वाढीला किंवा पुढच्या संसाराला त्याने बाधा येत नाही.

"एवढ्याशा बाळाला भूल द्यायची?" हा आजीचा प्रश्न रास्त आहे. याच शंकेपोटी सात देशांतील २८ रुग्णालयांनी मिळून ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास केला. सगळ्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया व्हायची होती. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना पाठीत इंजेक्शन देऊन जागे ठेवून शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांनी दोन्ही गटांची बुद्धी सारखीच निघाली, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. सुमारे तासाभराच्या एका भुलेने मेंदूला अपाय झाल्याचे त्यात दिसले नाही. मात्र भूल देणारे डॉक्टर लहान मुलांचे काम नेहमी करणारे असावेत, आणि सर्जनही शक्यतो बालशल्यचिकित्सकच असावा. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, तसेच परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या मुलांच्या रुग्णालयांत असे विभाग असतात. अंगणवाडीत येणाऱ्या सरकारी आरोग्य पथकालाही ही तक्रार सांगता येते. पण ती आईने स्वतःहून सांगावी लागते. पथकातील डॉक्टरांना एका दिवसात कितीतरी मुले पाहायची असतात.

शस्त्रक्रियेआधी आईचे दूध चार तास आणि वरचे दूध सहा तास बंद ठेवायला सांगतात. बाळ रडते म्हणून आजीने लपवून चमचाभर दूध पाजले, तर भुलेत ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाजले असल्यास निदान तसे डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलतील, एवढेच.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस पिशवी सुजलेली, निळसर दिसते. घाबरण्याचे कारण नाही. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेले पातळ औषध वेळेवर द्यावे. टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. बाळाला कडेवर घेताना पाय फाकवून कमरेवर बसवण्याची आपली सवय असते, ती दोनेक आठवडे टाळावी. तीनचाकी सायकल आणि लाकडी घोडाही तेवढे दिवस माळ्यावर ठेवावा. ताप आला, जखमेतून पाणी आले किंवा सूज वाढतच गेली, तर दाखवायला जावे.

काही आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिने-वर्षाने तपासणी होते, ती चुकवू नये. शंभरात थोड्या मुलांचे वृषण सुकते किंवा पुन्हा वर सरकते, आणि ते वेळीच कळायला हवे.

तारखा लक्षात राहत नसतील तर लसीकरणाचे कार्ड हाताशी आहेच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसांना बाळ जाते, तेव्हा डॉक्टरांना दुपटे सोडून पाहायला सांगावे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. तोवरही पिशवी रिकामीच असेल, तर तेथूनच सर्जनची चिठ्ठी घ्यावी.

शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवणे आणि मुलाला ही गोष्ट सांगणे, हे काम मात्र पुष्कळ घरांत होत नाही. पुढे स्थळे पाहताना कोणाला कळू नये म्हणून कागद फाडून टाकणारी घरेही आहेत. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, की जांघेतल्या त्या फिक्या रेघेचे कारण त्याला साध्या शब्दांत सांगावे. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतःचे वृषण चाचपून पाहायला, आणि कुठे टणक गाठ किंवा सूज वाटली तर न लाजता सांगायला शिकवावे. ज्या वडिलांना हे बोलणे फार जड जाते, त्यांच्या घरी हे काम मामा किंवा फॅमिली डॉक्टर चांगले करू शकतात.